कोयत्यात दोन माणसं

ऊसतोड कामगारांची नोंद करायची, तर तक्त्याची एक ओळ कोणाला द्यायची, हा पहिला प्रश्न. फडात हिशेब 'कोयत्या'चा. कोयता म्हणजे बहुधा नवराबायकोची जोडी. उचल कोयत्यावर, टनामागची मजुरीही कोयत्यालाच. मुकादमाची वही सर्वेक्षणात जशीच्या तशी उतरवली, तर नवऱ्याचं नाव लागतं आणि मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेणारी बाई कागदावर उरतच नाही. म्हणून ओळ माणसाची हवी. कोयत्याचा क्रमांक फक्त जोडी कळण्यापुरता. 'काम करता का?' एवढंच विचारलं, तर 'घरचंच करते' असं उत्तर येऊ शकतं. त्यापेक्षा 'गेल्या ७ दिवसांत ऊस तोडला का, मोळी बांधली का, गाडी भरली का?' असं एकेक विचारावं. देशाच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणातही चालू साप्ताहिक स्थितीसाठी ७ दिवसांत किमान एक तास काम, ही कसोटी आहे.

मजुरी एकत्र मिळते, मग ती दोघांत वाटायची कशी, असा आक्षेप येईल. वाटूच नये. काम माणसापुढे लिहावं, मजुरी कोयत्यापुढे. प्रश्न वाढतात हे खरं. त्यासाठी जमीनजुमल्याचे रकाने खुशाल गाळावेत. आणि तक्त्याची चाचणी हंगामात ओस पडलेल्या गावात नको, फडाजवळच्या कोप्यांवर घ्यावी, बाईला स्वतः बोलता येईल अशा वेळी.