शेपटीतल्या गनरचं पदक

दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश डीएफएम, म्हणजे डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग मेडल, कधी हाती आलं तर आधी त्याची कड बघावी. चांदीच्या त्या लंबगोल पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, आद्याक्षरं आणि आडनाव कोरलेलं असतं. डीएफसी, म्हणजे डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस, हा त्याचा थोरला भाऊ. त्याच्या पाठीमागे नुसतं साल असतं, नाव नाही. फीत दोघांचीही जांभळ्या-पांढऱ्या तिरक्या पट्ट्यांची. क्रॉसचे पट्टे रुंद, मेडलचे बारीक. एवढं पाहून लोक ठरवून मोकळे होतात, की क्रॉसवाला जास्त शूर.

दोन्ही पदकं एकाच दिवशी, 3 जून 1918 रोजी सुरू झाली आणि दोन्ही शत्रूविरुद्धच्या उड्डाणातल्या शौर्यासाठीच होती. फरक होता तो हुद्द्याचा. क्रॉस अधिकाऱ्यांना आणि वॉरंट ऑफिसरांना, मेडल सार्जंट वगैरे खालच्यांना. एकाच विमानात, एकाच रात्री, एकाच कामगिरीबद्दल पायलटला क्रॉस आणि गनरला मेडल मिळू शके. वॉलेस मॅकिंटॉश या स्कॉटिश गनरकडे दोन्ही होती: आधी मेडल, मग अधिकारी झाल्यावर क्रॉस, आणि वर ‘बार’. हा बार म्हणजे वेगळं पदक नव्हे. तोच क्रॉस दुसऱ्यांदा मिळाल्याची ती खूण, फितीवरची चांदीची पट्टी. सार्जंटसाठी मेडल आणि सर्वोच्च असा व्हिक्टोरिया क्रॉस यांच्यामध्ये बराच काळ एकही पायरी नव्हती. अधिकाऱ्यांसाठी तिथे डीएसओ, म्हणजे डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर, होतं. 1942च्या अखेरीस हवाई दलासाठी कॉन्स्पिक्युअस गॅलंट्री मेडल काढून ती फट बुजवली. डीएफएम साडेसहा हजारांवर वाटली गेली, तर हे नवं पदक जेमतेम शंभरावर. हुद्द्याची ही शिवाशिव ब्रिटननं 1993 साली संपवली. डीएफएम बंद झालं आणि क्रॉस सगळ्यांना खुला झाला.

डीएफसी म्हणजे पायलटच, हाही असाच एक समज. शैलेंद्र एकनाथ सुखटणकर लँकेस्टर बॉम्बरवर नॅव्हिगेटर होते, त्यांनाही डीएफसी मिळालं.

पण सगळ्यात चिवट गैरसमज वेगळाच आहे. गनरला पदक म्हणजे त्यानं शत्रूची विमानं पाडली असणार, जितकी जास्त पाडली तितकं मोठं पदक! मॅकिंटॉशच्या नावावर आठ विमानं आहेत खरी, पण तो अपवाद. लँकेस्टरच्या शेपटीत चार ब्राउनिंग मशीनगन असत. गोळी .303 इंचाची, म्हणजे पायदळाच्या रायफलीत बसणारी. समोरच्या जर्मन नाइट फायटरवर 20 मिलिमीटरच्या तोफा. तो लांबून मारू शके. शिवाय इकडून गोळी सुटली की नळीच्या जाळानं अंधारात आपलाच पत्ता लागे. म्हणून गनरचं पहिलं काम गोळी झाडण्याचं नव्हतंच, बघण्याचं होतं. काळोखातली एक जास्त काळी सावली वेळेवर दिसली पाहिजे आणि इंटरकॉमवर ओरडता आलं पाहिजे, ‘कॉर्कस्क्रू पोर्ट, गो!’ की पायलट विमान डावीकडे खाली झोकून देई. नीट दिसावं म्हणून कित्येक गनर समोरचं पारदर्शक तावदान काढून टाकत आणि उणे 40 अंशांच्या वाऱ्यात, विजेनं तापणारा सूट घालून, सहा-सात तास उघड्यावर बसत. पॅराशूट टरेटमध्ये, म्हणजे गनरच्या त्या फिरत्या घुमटीत, मावत नसे. ते पाठीमागे, दाराबाहेर टांगलेलं. अशा 30 मोहिमा झाल्या की एक टूर पूर्ण. जवळपास एकही गोळी न झाडता टूर पुरी केलेल्या गनरांनाही पदकं मिळाली, ती त्या जागत्या डोळ्यांसाठी. एखाद्या रात्रीच्या पराक्रमाला ‘तात्काळ’ पदक मिळे, तर टूरभराच्या कामाला मागाहून.

आता बॉम्बर गनरांचे व्हिक्टोरिया क्रॉस बघा. जॉन हॅना हा हॅम्पडन विमानावरचा वायरलेस ऑपरेटर आणि गनर, वय 18. सप्टेंबर 1940मध्ये अँटवर्पवर त्याच्या विमानानं पेट घेतला. उडी मारायची मोकळीक असताना त्यानं आग विझवली, आधी एक्स्टिंग्विशरनं, ते संपल्यावर लॉगबुकानं आणि हातांनी. अँड्र्यू मिनार्स्की हा कॅनडाच्या विनिपेगचा. त्याचीही गोष्ट आगीचीच. बंदुकीची दोन्हीतली कुठलीच नाही.

मेलेल्यांना पदक मिळतंच, हा समजही खोडायला हवा. ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडच्या सव्वा लाख हवाई सैनिकांपैकी 55,573 जण मेले. त्या काळच्या नियमानं शत्रूसमोरच्या शौर्याबद्दल मरणोत्तर मिळणारं पदक एकच, व्हिक्टोरिया क्रॉस. त्याखालोखाल नुसता अहवालातला नामोल्लेख. आपल्या माणगावात ज्यांचा पुतळा आहे त्या नाईक यशवंत घाडगेंना इटलीतल्या 1944च्या शौर्याबद्दल मरणोत्तर सन्मान मिळाला, कारण तो व्हिक्टोरिया क्रॉस होता. डीएफसी, डीएफएमची शिफारस माणूस जिवंत असतानाची असावी लागे. हा नियम 1979पर्यंत टिकला. म्हणून एखाद्या गनरच्या नावापुढे काही नसलं तर त्यानं काही केलं नाही असं समजू नये.

आणि पेटीत मिळणारे ते तांब्याच्या रंगाचे तारे? ती शौर्यपदकं नव्हेत, सेवेची पदकं. ठरावीक काळ त्या त्या आघाडीवर काम केलं की ती मिळत.

शौर्यपदक मात्र कुणीतरी पाहिलेलं असण्यावर अवलंबून. मिनार्स्कीचंच बघा. 12 जून 1944च्या रात्री फ्रान्समध्ये कांब्रेजवळ त्याचं लँकेस्टर पेटलं. शेपटीतला गनर पॅट ब्रॉफी टरेटमध्ये अडकला होता. मिनार्स्की जळत्या तेलातून रांगत त्याच्यापर्यंत गेला. कुऱ्हाडीनं, मग हातांनी तो टरेट फिरवायला बघत होता. ब्रॉफीनं त्याला हातानं ‘जा’ म्हटलं. तो पाठमोरा न होता मागे सरकत गेला, दारापाशी उभा राहून त्यानं सॅल्यूट केला आणि पेटत्या कपड्यांनिशी उडी मारली. भाजल्यानं तो मेला.

विमान ब्रॉफीसकट जमिनीवर आदळलं, आणि त्या दणक्यानं टरेट फुटून ब्रॉफी बाहेर फेकला गेला, जिवंत. मिनार्स्कीचा तो सॅल्यूट फक्त त्यानंच पाहिला होता. त्याची साक्ष वर पोचून राजपत्रात नाव यायला 11 ऑक्टोबर 1946 उजाडला. तो टरेट फुटला नसता, तर बघायला पदकच नसतं.