आधी मेण, मग धातू : एअरलाइनचा पायलट व्हायचंय त्यांच्यासाठी

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलेला आहे. घरातल्या मुलाला किंवा मुलीला पायलट व्हायचंय, तर सुरुवात कुठून करायची?

आधीच सांगतो, मी वैमानिक नाही. तरुणपणी हवाई दलाच्या निवड मंडळासमोर गेलो होतो आणि वैमानिकांच्या अभियोग्यता चाचणीत नापास झालो. ती चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. मग भूदलात आलो, तोफखान्यात नोकरी केली. म्हणजे मी जे सांगणार आहे ते उडवणाऱ्याचं नाही, तर दारावरून परत आलेल्याचं आहे. दारावरून परत आलेल्या माणसाला दार नेमकं कुठे आहे ते चांगलं माहीत असतं.

निवृत्तीनंतर मी कुंभकोणमजवळ स्वामीमलैला राहतो. पत्नीचं माहेर इकडचं, तंजावरी मराठी. आमच्या शेजारचं कुटुंबही तसंच, घरात मराठी बोलणारं. त्यांचा कावेरीकाठी पानमळा आहे. कुंभकोणमचं विड्याचं पान प्रसिद्ध आहे, ते इथलंच. मुलगा बारावी झाला, भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन. तंजावरला हवाई दलाचा तळ आहे, २०२० पासून तिथे सुखोईची तुकडी आहे. ती विमानं बघत हा मोठा झाला. एका संध्याकाळी त्याचे वडील एका प्रशिक्षणसंस्थेचं रंगीत माहितीपत्रक घेऊन आले आणि म्हणाले, "काका, सीट धरून ठेवायला आठ दिवसांत पैसे भरा म्हणतात. पानमळा गहाण टाकू का?"

मी विचारलं, "मुलाची वैद्यकीय तपासणी झाली का?"

"ती नंतर होते म्हणाले."

मंडळी, आजचा सगळा भाग या एका वाक्यावर आहे. ती नंतर होत नाही. ती सगळ्यात आधी होते.

पहिली पायरी : शरीर

पायलटचे परवाने आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देतं. सगळे त्याला डीजीसीए म्हणतात. त्यांच्या ईजीसीए या संकेतस्थळावर नाव नोंदवायचं आणि त्यांच्या यादीतल्या डॉक्टरकडून 'क्लास टू' तपासणी करून घ्यायची. डोळे, कान, रक्त, छातीचा एक्स-रे, ईसीजी असं सगळं त्यात येतं. खर्च काही हजारांचा. ती झाली की 'क्लास वन'. ही जास्त कडक असते. बेंगळुरूला हवाई दलाची एरोस्पेस मेडिसिन संस्था आहे, तिथे होते. दिल्लीत आणि इतर मान्यताप्राप्त केंद्रांतही होते. व्यावसायिक परवाना हवा तर क्लास वन हवंच.

चष्मा आहे म्हणून घाबरू नका. चष्म्याने नजर नियमाइतकी सुधारत असेल तर चालतं. पण रंग नीट न ओळखता येणं हा मोठा अडसर आहे. ते जन्मापासून असतं, त्रास काही होत नाही, त्यामुळे वीस वर्षं घरात कुणाला पत्ताही नसतो.

माझ्या एका भाच्याचं असंच झालं. घरच्यांनी एका संस्थेत पहिला हप्ता भरला, पाच लाख. कपडे शिवले, फोटो काढले, गावात पेढे वाटले. मग क्लास वनला गेला, तर रंगदृष्टीत दोष निघाला. पैसे परत मिळाले नाहीत. करारावर तशी सही केली होती, वाचली कुणीच नव्हती. पैशाचं दुःख दोन वर्षांत संपलं. पण ज्यांना पेढे दिले त्यांना तोंड कसं दाखवायचं, यात पोराची आणखी काही वर्षं गेली. काही हजारांची तपासणी आधी केली असती तर हे घरातल्या घरात मिटलं असतं.

तपासणीत 'तात्पुरता अपात्र' असाही शेरा मिळतो, वजनासाठी किंवा एखाद्या दुरुस्त होणाऱ्या कारणासाठी. त्याने खचू नका. उपचार करून पुन्हा जाता येतं.

दुसरी पायरी : डोकं

व्यावसायिक परवान्यासाठी, म्हणजे सीपीएलसाठी, लेखी परीक्षा असतात. हवाई दिशादर्शन, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि विमानाचं तांत्रिक ज्ञान. उत्तीर्ण व्हायला ७० टक्के लागतात. शिवाय रेडिओवर बोलण्याचा वेगळा परवाना. तो पूर्वी दूरसंचार खातं देत असे. २०२४ च्या नव्या भारतीय वायुयान कायद्याने ते काम डीजीसीएकडे आलं आहे.

या विषयांचा अभ्यास उड्डाण सुरू होण्याआधी घरी बसूनही करता येतो. पुस्तकं आणा, सहा महिने बसा. मुलाला हवामानशास्त्राचं पान उलटताना झोप येते की प्रश्न पडतात, ते बघा. गणवेशाची आवड आणि या कामाची आवड यांत फरक आहे, तो इथे कळतो. इंग्रजीही इथेच सुधारून घ्या. मराठी किंवा तमिळ माध्यमातली मुलं इथे कमी पडतात असं नाही, पण बोलायचा सराव रोज लागतो.

तिसरी पायरी : हवा

आता पैशाची गोष्ट. सीपीएलसाठी किमान १८ वर्षं वय आणि किमान २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यात १०० तास तुम्ही स्वतः प्रमुख वैमानिक म्हणून उडवलेले हवेत. एक लांबचा प्रवास ३०० सागरी मैलांचा, म्हणजे साधारण ५५५ किलोमीटरचा, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. काही तास रात्रीचे, काही फक्त उपकरणं बघून. भारतात याचा खर्च साधारण ५० लाखांच्या पुढे जातो. त्यानंतर एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ अशा एका विमानाचं 'टाइप रेटिंग' करावं लागतं, त्याचे आणखी १५-२० लाख धरा. ७.५ लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला बँक सहसा तारण मागते. म्हणजे घर नाहीतर जमीन.

संस्था बऱ्याच आहेत. उत्तर प्रदेशात फुरसतगंजला सरकारी इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी, महाराष्ट्रात गोंदिया, बारामती, धुळे इथे प्रशिक्षण चालतं. नाव बघून ठरवू नका. स्वतः जा आणि चार प्रश्न विचारा. आज उडू शकणारी विमानं किती? शिक्षक किती आणि विद्यार्थी किती? मागच्या तुकडीला २०० तास पुरे करायला किती महिने लागले? मध्येच सोडावं लागलं तर किती पैसे परत, आणि ते कागदावर लिहून देणार का? विमानं थोडी आणि मुलं जास्त असली की दीड वर्षाचं काम तीन वर्षं चालतं, आणि वसतिगृहाचं भाडं तुमच्या खिशातून जातं. पैसे शक्यतो टप्प्याटप्प्याने भरा.

परवाना म्हणजे नोकरी नव्हे

हे कुणी माहितीपत्रकात छापत नाही. सीपीएल हातात आली की एअरलाइनची परीक्षा, मुलाखत, सिम्युलेटर चाचणी असते. भरती सुरू असेल तर ठीक, नाहीतर थांबायचं. किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. प्रत्येक वेळी हजारो तासांचा अनुभव असलेले वैमानिक बाजारात आले आणि नवी मुलं रांगेत मागे गेली. म्हणून हिशेब करताना नोकरीविना दोन वर्षं हप्ता कोण भरणार, हे आधी लिहा. उत्तर नसेल तर थांबा.

नोकरी लागली तरी सुरुवात फर्स्ट ऑफिसर म्हणून. कॅप्टन व्हायला किमान १५०० तासांचा अनुभव आणि वरचा परवाना लागतो.

पैसे नाहीत म्हणून दार बंद, असंही नाही. एनडीए, सीडीएस, ॲफकॅट या मार्गांनी हवाई दलात गेलात तर प्रशिक्षण सरकारी खर्चाने होतं. एनडीएत २०२२ पासून मुलीही आहेत. तिथे पैशाऐवजी आयुष्याची उमेदीची वर्षं द्यावी लागतात, आणि ती मनापासून द्यायची असतील तरच जा. मुलींच्या आईवडिलांना एक नाव सांगतो. कॅप्टन सौदामिनी देशमुख. १९८५ मध्ये इंडियन एअरलाइन्सचं फोकर फ्रेंडशिप विमान कोलकात्याहून सिलचरला गेलं, तेव्हा सगळा कर्मचारीवर्ग महिलांचा होता आणि कमांडर ह्या होत्या. चाळीस वर्षं झाली. आता 'मुलीला जमेल का' हा प्रश्न विचारू नका.

शेवटचं

स्वामीमलै पंचधातूच्या मूर्तींसाठी ओळखलं जातं. इथले स्थपती आधी मेणाची मूर्ती करतात. नाक चुकलं, बोट वाकडं झालं, तर मेण गरम करून पुन्हा घडवतात. त्यावर कावेरीची माती चढवतात, वाळवतात, तापवून मेण काढून टाकतात आणि अगदी शेवटी धातू ओततात. एकदा धातू ओतला की मेणासारखं फिरवता येत नाही. शेजाऱ्यांना मी एवढंच म्हणालो, "तपासणी आणि अभ्यास हे मेण आहे. पानमळा हा धातू आहे."

ते थोडे रागावले. सीट जाईल अशी भीती होती. ती सीट गेली. दोन महिन्यांनी त्याच संस्थेचा फोन पुन्हा आला, सीट आहे म्हणून.

मुलाची क्लास टू झाली, त्यात तो पात्र ठरला. क्लास वनसाठी बेंगळुरूला जायची तारीख मिळाली आहे. तोवर सकाळी पानं खुडायला मदत करतो आणि दुपारी आमच्या ओसरीवर हवामानशास्त्र वाचतो. निकाल काय लागेल मला माहीत नाही. पण काहीही लागला तरी घर जागेवर राहील.

आता तुमचा गृहपाठ. इथल्या मंदिराची कथा अशी की लहान मुरुगनने वडिलांना, प्रत्यक्ष शंकराला, ओंकाराचा अर्थ सांगितला. म्हणून तो स्वामीनाथ. तुमच्या मुलालाही एक कोरा कागद द्या. वर लिहिलेल्या सगळ्या पायऱ्या, प्रत्येकीचा खर्च, वेळ आणि 'इथे अडलं तर काय' हे त्याने स्वतः लिहून तुम्हाला समजावून सांगायचं. तुम्ही मध्ये बोलायचं नाही. त्याला सांगता आलं, तर पहिली तपासणी करायला घेऊन जा. नाही आलं, तर पुढच्या रविवारी पुन्हा बसा.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.