भिलाई आणि वार्धक्याचा अभ्यास

१९५५ च्या फेब्रुवारीत पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, तेव्हा भिलाई हे दुर्ग जिल्ह्यातील एक खेडे होते. त्या वेळच्या मध्य प्रदेशाची राजधानी होती नागपूर. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या सुमारास निरनिराळ्या प्रांतांतून माणसे येथे आली. मराठी कुटुंबेही आली. बहुतेक सारे तरुण. जुन्या गावात पाळण्यापासून काठीपर्यंत सर्व वयांची माणसे नांदतात. सेक्टरांत वसलेल्या या नव्या नगरात प्रारंभी आजोबाच दुर्मिळ होते! ही पिढी वृद्ध झाली तीही बरोबरीनेच.

वार्धक्यावर डॉक्टरेटचा प्रबंध लिहू पाहणाऱ्यास असे नगर मोह घालते, आणि चकवतेही. साठीच्या माणसापेक्षा ऐंशीच्या माणसाची स्मरणशक्ती उणी आढळली, तर तो परिणाम वयाचा म्हणावा, की त्याला बालपणी लाभलेल्या वा न लाभलेल्या शाळेचा, अन्नाचा, औषधाचा? वॉर्नर शाय यांनी १९५६ मध्ये अमेरिकेतील सिएटल येथे आरंभिलेल्या अभ्यासात तीच माणसे दर सात वर्षांनी पुन्हा तपासली जाऊ लागली. वयाच्या माथी मारलेली पुष्कळशी घट वस्तुतः पिढ्यापिढ्यांतील अंतराची आहे, असे त्यातून दिसून आले. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनेही २०१७-१८ मध्ये पंचेचाळीस वर्षे व त्यापुढील व्यक्तींची, त्यांच्या जोडीदारांसह, अशीच पहिली देशव्यापी पाहणी केली. तीत बहात्तर हजारांहून अधिक माणसे होती. एकट्या विद्यार्थ्याला हा पल्ला कसा झेपावा? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी त्याच्या हाती सामान्यतः तीन ते सहा वर्षेच दिली आहेत.

भिलाईत आणखी एक पेच आहे, तो घराचा. कारखान्याचे घर नोकरीबरोबर मिळते. निवृत्तीनंतर कोणी मूळ गावी परततो, कोणी परगावी मुलाकडे जातो. मागे राहतात ते स्वतःचे घर बांधलेले, मुलगा तेथेच नोकरीस असलेले, किंवा जाण्यास अन्य ठिकाणच नसलेले. केवळ याच दारांवर थाप मारणाऱ्या संशोधकाला राहिलेल्यांचे वार्धक्य कळेल, गेलेल्यांचे निसटेल. आणि अशा अर्धवट निष्कर्षांवर वृद्धांसाठी दवाखाने वा योजना आखल्या गेल्या, तर चूक प्रबंधापुरती राहत नाही.

म्हणून एखाद्या वर्षी निवृत्त झालेल्यांची यादी मिळवावी, आणि त्यातील प्रत्येकाचा, तो मृत असल्यास त्याच्या विधवेचा, माग काढीत जावे. हे काम कष्टाचे खरे, पण प्रश्नावल्या वाटण्यापेक्षा अधिक फलदायी. त्या यादीत ठेकेदाराच्या मजुराचे नाव मात्र नसते. त्याच्या शोधासाठी संशोधकाला आसपासच्या खेड्यांतच हिंडावे लागते.