घरच्या संगणकावर संगीत : कमाईआधी परखड अभिप्राय हवा

विंचूरच्या उपबाजार आवारात शेतकरी कांद्याची ट्रॉली उभी करतो. व्यापारी मूठभर कांदा हातात घेऊन पाहतो आणि बोली लावतो. तेथे कोणी 'वा, छान' म्हणत बसत नाही. मालात दोष असेल तर भाव उतरतो आणि शेतकऱ्याला आपला माल कसा आहे हे जागेवरच कळते. घरच्या संगणकावर संगीत तयार करणाऱ्या आपल्या तरुणांना असा लिलाव मिळत नाही. मित्र 'छान' म्हणतात, गिऱ्हाईक मात्र दुसऱ्यांदा येत नाही. हा व्यवसाय करू पाहणाऱ्यांसाठी काही गोष्टी आम्ही येथे मांडीत आहोत.

प्रथम एक खुलासा. वाद्यसंगीताबाबत उलेमांची मते भिन्न आहेत. ज्यांना वाद्ये टाळावयाची आहेत त्यांना हम्द, नात, पुस्तकांचे वाचन, दुकानांच्या जाहिराती व प्रचाराच्या गाडीवरील उद्घोषणा यांचे ध्वनिमुद्रण करता येईल. साधने आणि रीत तीच आहे.

साधने किती?

साधारण संगणक, एक माइक, आवाज संगणकात नेणारे छोटे यंत्र आणि चांगला हेडफोन एवढ्यावर सुरुवात होते. ऑडॅसिटी व एलएमएमएस हे प्रोग्राम विनामूल्य मिळतात. १९८३ साली आलेल्या 'मिडी' पद्धतीत आवाज नव्हे, तर कोणता स्वर केव्हा व किती जोराने वाजवला याची नोंद साठवली जाते. त्यामुळे चुकलेला एकच स्वर नंतर दुरुस्त करता येतो. खोलीत आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या टांगाव्यात आणि मुद्रण करताना पंखा बंद ठेवावा. व्याजाच्या हप्त्यावर महागडी यंत्रे घेण्याची घाई करू नये. आधी काम मिळू द्यावे.

ए. आर. रहमान यांचे उदाहरण बोलके आहे. 'रोजा' (१९९२) पूर्वी ते जाहिरातींना संगीत देत होते आणि चेन्नईत घराच्या आवारातच त्यांनी आपला स्टुडिओ उभारला होता. २००९ साली त्यांना दोन ऑस्कर मिळाले. पण सुरुवात अर्ध्या मिनिटाच्या छोट्या कामांतून झाली होती.

अभिप्राय कसा घ्यावा?

हदीसमध्ये एका मोमिनाला दुसऱ्या मोमिनाचा आरसा म्हटले आहे. आरसा खुशामत करीत नाही आणि चारचौघांत फजितीही करीत नाही. अभिप्राय देणाऱ्याने व घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

तयार केलेले काम एक दिवस बाजूला ठेवून मग ऐकावे. हेडफोनवर, मोबाईलवर आणि टेम्पोतील स्पीकरवर वेगवेगळे ऐकावे. मोबाईलच्या लहान स्पीकरवर खर्जाचा आवाज जवळजवळ नाहीसा होतो. एखाद्या नामांकित मुद्रणाशी तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवावा, कारण मोठा आवाज कानाला उगीचच चांगला वाटतो.

'कसे वाटले?' असे विचारू नये. 'कोणता शब्द कळला नाही? कोठे कंटाळा आला?' असे नेमके विचारावे. एक जाणकार, एक सामान्य श्रोता आणि एक गिऱ्हाईक अशा तिघांना ऐकवावे. तिघांनी एकाच जागी बोट ठेवले तर ती जागा बदलावी. एकट्याच्या आवडीनिवडीवरून सगळे मोडू नये. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली सिंथेसायझरवर दहा राग वाजवून रेकॉर्ड काढली. तेव्हा ती फारशी खपली नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली आणि जगभर तिचे कौतुक झाले.

व्यवहार चोख ठेवा

नात चित्रपटगीताच्या चालीवर बसविण्याची आपल्याकडे सवय आहे. मात्र १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चालीवर आणि ध्वनिमुद्रणावर वेगवेगळे हक्क असतात. विकावयाच्या कामात चाल स्वतःची असावी. स्पीकर रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत मोठ्याने लावू नये. शेजाऱ्याचा हक्कही हक्कच आहे.

किती पैसे, किती वेळा दुरुस्ती, काम कोणाच्या मालकीचे, हे आधीच लिहून घ्यावे. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश आहे. ओळखीच्या माणसाशी तर तो अधिकच पाळावा, कारण बहुतेक भांडणे तेथेच होतात.

गोलटी वेगळी काढून ट्रॉली भरणाऱ्या शेतकऱ्याला लिलावाची भीती नसते. आपल्या तरुणांनीही घरातच प्रतवारी करावी आणि मग बाजारात उतरावे, एवढेच आमचे सांगणे आहे.