शब्दांविना पुस्तक, मुलांच्या गोष्टी

चिंचोळी एमआयडीसीतल्या आई-बाबांनो, 'गोष्ट लिही' म्हटलं की तुमचं मूल पेन्सिल चावत बसतं का? मग त्याच्या हाती माधुरी पुरंदरे यांचं 'चित्रवाचन' (ज्योत्स्ना प्रकाशन) द्या. त्यात मजकूर नाही, चित्रं आहेत. त्यामुळे वाचताना चुकायची भीतीच नाही. 'हा कोण? कुठे निघालाय? पुढे काय होईल?' एवढं विचारा आणि गप्प राहा. मूल सांगेल ते त्याच्याच शब्दांत उतरवून घ्या. शुद्धलेखन नंतर पाहू. आपल्या सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी घरं शेजारी-शेजारी असतात. चित्र सगळ्यांनाच वाचता येतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

पुस्तक मिळालं नाही, तर मोबाइलवर प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ उघडा. २०१५ पासून ते मोफत आहे, मराठी-तेलुगू-कन्नड पुस्तकं आहेत आणि तिथलीच चित्रं घेऊन नवी गोष्टही रचता येते.

या रविवारी चार कोरे कागद दुमडून शिवा, त्यात मुलानं सांगितलेली गोष्ट लिहा, मुखपृष्ठावर लेखक म्हणून मुलाचं नाव घाला आणि गोष्ट त्यालाच मोठ्यानं वाचायला सांगा.