प्राणी-निवाऱ्यात मदत करायची आहे? आधी हे गैरसमज काढून टाका

भटक्या कुत्र्या-मांजरांसाठी काहीतरी करावं असं वाटणारी माणसं नागपूरच्या बर्डीत कमी नाहीत. कमी आहेत ती सोमवारी सकाळी सात वाजता खराटा हातात घेणारी. रविवारी पिल्लांसोबत फोटो काढायला येणाऱ्यांची कुठल्याच निवाऱ्यात वानवा नसते. पिंजरे मात्र रोज घाण होतात. व्हरायटी चौकापासून मुंजे चौकापर्यंत कोणालाही विचारा, दुकानदार असो, हातगाडीवाला असो की कॉलेजचा पोरगा, या विषयावर प्रत्येकाचं एक ठाम मत असतं आणि ते बहुतेकदा ऐकीव असतं. त्यातली काही मतं निरुपद्रवी आहेत. काहींपायी जनावरं मरतात. सुरुवात त्यांच्यापासूनच करू.

“पिल्लू एकटं दिसलं, उचलून निवाऱ्यात दिलं, पुण्य लागलं”

महाराष्ट्रात २०१९च्या पशुगणनेत १२ लाख ७६ हजारांच्या आसपास भटकी कुत्री मोजली गेली. देशात १ कोटी ५३ लाख. एवढ्यांना छप्पर पुरवणारा निवारा कुठेच नाही. बहुतेक निवारे खऱ्या अर्थाने दवाखानेच आहेत: गाडीखाली आलेलं, खरजेनं केस गेलेलं, जखमेत अळ्या पडलेलं जनावर तिथे येतं, बरं होतं आणि परत जातं किंवा कोणाच्या तरी घरी जातं. अशा ठिकाणी धडधाकट पिल्लू नेऊन ठेवणं म्हणजे त्याला आजाऱ्यांच्या रांगेत बसवणं.

या आजारांतलं मुख्य नाव पार्वो. हा विषाणू विष्ठेतून पसरतो, जमिनीवर महिनोनमहिने तग धरतो, बुटांच्या तळव्याला चिकटून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातो. पिल्लाला पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात देतात आणि पुढे दर तीन-चार आठवड्यांनी, साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत, ती पुन्हा द्यावी लागते. त्याआधी निवाऱ्यात आलेलं पिल्लू रक्ती हगवणीनं दोन-तीन दिवसांत जाऊ शकतं. उचलून आणणाऱ्याला हे सहसा कळतही नाही, कारण तो तोवर फोटो टाकून मोकळा झालेला असतो.

आणि ‘एकटं’ म्हणजे तरी काय? बर्डीच्या मागच्या गल्ल्यांत दुपारी दिसणाऱ्या पिल्लांची आई बहुधा अन्न शोधायला गेलेली असते. मांजरीचंही तेच, ती तासन् तास बाहेर असते आणि माणसं घोळका करून उभी राहिली तर पिल्लांजवळ फिरकत नाही. पिल्लं ऊबदार असतील, पोटं भरलेली असतील, रडत नसतील, तर लांबून लक्ष ठेवा. आई खरंच मेली असेल किंवा पिल्लू जखमी, गार पडलेलं असेल, तर मात्र थांबू नका. तेव्हाही आधी फोन करून निवाऱ्यात जागा आहे का, विलगीकरणाची खोली आहे का, हे विचारा. जागा नसेल तर पिल्लाला दोन-तीन आठवडे स्वतःच्या घरी सांभाळण्याची, म्हणजे ‘फॉस्टर’ करण्याची तयारी ठेवा. माझ्या मते निवाऱ्याला मिळू शकणारी ही सगळ्यात मोठी मदत आहे. तिच्यासाठी संस्थेचं सभासदत्वसुद्धा लागत नाही. घरातली एक रिकामी न्हाणी आणि घरच्यांची संमती एवढं पुरतं.

“खायला घातलं की कायद्यानं ते कुत्रं तुमचं होतं”

या समजाचं मूळ नागपुरातच आहे, त्यामुळे तो इथे जास्त घट्ट बसला आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २० ऑक्टोबर २०२२ रोजी भटक्या कुत्र्यांबाबतच्या जुन्या याचिकेत एक आदेश दिला. ज्यांना कुत्र्यांना खायला घालायचं आहे त्यांनी ती रीतसर दत्तक घ्यावीत, महापालिकेकडे नोंदणी करावी, घरी न्यावीत किंवा निवाऱ्यात ठेवावीत. उघड्यावर खायला घातलं तर २०० रुपयांपर्यंत दंड. बातमी शहरभर पसरली. जेमतेम महिन्याभरात, १६ नोव्हेंबरला, सर्वोच्च न्यायालयानं दत्तक घेण्याच्या सक्तीला आणि दंडाला स्थगिती दिली. ती बातमी तेवढी पसरली नाही. म्हणून आजही एखादे काका गॅलरीतून ओरडतात, “घेऊन जा ना मग घरी, कोर्टानंच सांगितलंय!”

उलट बाजूचा गैरसमजही तितकाच पक्का आहे: आपण प्राणिमित्र, आपण कुठेही खायला घालू शकतो. तसंही नाही. मार्च २०२३मध्ये केंद्रानं प्राणी जन्म नियंत्रणाचे नवे नियम आणले. त्यांत खाण्याची जागा ठरवून घ्यायला सांगितलं आहे: मुलं खेळतात तिथे नको, जिन्यात नको, इमारतीच्या येण्या-जाण्याच्या दारात नको. २२ ऑगस्ट २०२५ला सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसराच्या प्रकरणात प्रभागवार जागा नेमायला आणि त्या सोडून रस्त्यावर खायला न घालायला सांगितलं, आणि प्रकरणाची व्याप्ती सगळ्या राज्यांपर्यंत वाढवली. त्याच आदेशानुसार निर्बीजीकरण आणि लसीकरण झालेलं कुत्रं जिथून उचललं तिथेच परत सोडायचं. रेबीजची लागण वा शंका असलेली आणि आक्रमक कुत्री तेवढी याला अपवाद. मग ७ नोव्हेंबर २०२५च्या आदेशात शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वेस्थानकं यांच्या आवारातली कुत्री काढून निवाऱ्यात ठेवायला आणि तिथे परत न सोडायला सांगितलं.

बर्डीसाठी हे पुस्तकी नाही. मोरभवनचं बसस्थानक इथेच आहे, रेल्वेस्थानक हाकेच्या अंतरावर. त्या आवारांत पोळ्यांची पिशवी रिकामी करणारा माणूस कुत्र्यांना नेमकं त्याच ठिकाणी बोलावतो, जिथून ती कायमची उचलली जाऊ शकतात. न्यायालयीन प्रकरणं बदलत राहतात, तेव्हा आपल्या प्रभागात नेमलेली जागा कोणती हे महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाकडून लेखी घेऊन ठेवा. भांडणात तो कागद कामी येतो.

“कार्यकर्त्याच्या ओळखपत्रानं अधिकार मिळतात”

मिळत नाहीत. कोणाच्या घरात शिरून कुत्रं सोडवून आणण्याचा हक्क कार्ड दाखवून येत नाही. तक्रार मात्र कोणीही करू शकतो, त्याला कार्ड लागतच नाही. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये आहे, एका प्लेट तर्री-पोह्याइतका. पण जनावराला मारून टाकलं किंवा अपंग केलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. तक्रार लिहिताना हे कलम घालायला विसरू नका.

“कुत्र्यांत काम म्हणजे पोटात चौदा इंजेक्शनं”

ती चौदा इंजेक्शनं आपल्या आईवडिलांच्या पिढीनं घेतली. ती मेंदूच्या पेशींपासून बनवलेली जुनी लस होती आणि भारतात ती २००५च्या सुमारास बंद झाली. आता चावा बसल्यावरची लस दंडात, ठरलेल्या दिवशी, मोजक्या वेळा देतात. मेयो आणि मेडिकल या दोन्ही सरकारी रुग्णालयांत ती मिळते. निवाऱ्यात नियमित जाणाऱ्यानं तर चावा बसण्याआधीच प्रतिबंधक लस घ्यावी. ती घेतलेल्याला पुढे चावा बसला तर फक्त दोन डोस लागतात, पहिल्या आणि चौथ्या दिवशी, आणि जखमेत भरायच्या महागड्या इम्युनोग्लोब्युलिनची गरज पडत नाही.

भीती पूर्ण खोटी आहे असं मात्र कोणी म्हणू नये. रेबीजनं जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसं मरतात असा अंदाज आहे. त्यांतली एक तृतीयांशाहून जास्त भारतातली, आणि लक्षणं दिसू लागल्यावर उपाय जवळपास नाहीच. म्हणून चावा असो वा नखाचा ओरखडा, कुत्र्याचा असो वा मांजराचा, जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायची. घड्याळ लावून धुवा. १५ मिनिटं वाटतात त्याहून फार जास्त असतात. हळद, तिखट, चुना काही भरायचं नाही. “दहा दिवस कुत्रं जगतंय का बघू, मग ठरवू” असा विचार करून लस लांबवायची नाही; लस त्याच दिवशी सुरू करायची आणि कुत्र्यावर लक्ष वेगळं ठेवायचं.

“मांजराचा केस पोटात गेला की दमा होतो”

केसानं दमा होत नाही. काहींना मांजराची अॅलर्जी असते, ती त्याच्या लाळेतल्या आणि त्वचेतल्या प्रथिनामुळे. मांजर स्वतःला चाटतं म्हणून ते प्रथिन केसांवर येतं. ज्याला आधीपासून दमा आहे त्याला यानं त्रास वाढू शकतो, त्यानं मांजरांच्या खोलीऐवजी नोंदवहीचं काम घ्यावं. गरोदर बाईनं मांजराच्या विष्ठेची सफाई करू नये, ही सूचना मात्र बरोबर आहे. कारण टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी. पण त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडल्यावर संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस घेतात, म्हणून दुसऱ्या कोणी रोज सफाई केली तर घरातलं मांजर हाकलण्याचं कारण उरत नाही. कच्चं राहिलेलं मटण हीसुद्धा या संसर्गाची एक मोठी वाट आहे. ते खाणाऱ्याला कोणी घराबाहेर काढल्याचं ऐकिवात नाही.

“उरलंसुरलं अन्न आणि फिनाईलचे कॅन दिले की झालं”

दान देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, म्हणून संस्थेतली माणसं तोंडावर काही बोलत नाहीत. इथे बोलायला हरकत नाही. काळं फिनाईल मांजरांसाठी विष आहे. फिनॉल शरीराबाहेर टाकण्याची रासायनिक यंत्रणा मांजराच्या यकृतात फार दुबळी असते. ओल्या फरशीवरून चालून पंजे चाटले की ते पोटात जातं. याच कारणानं पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. ‘ताप आहे वाटतं’ म्हणून घरचं औषध कधीही देऊ नका. वर फिनाईलनं पार्वो मरेलच याचा भरवसा नाही. त्यासाठी आधी घाण पूर्ण धुऊन काढायची, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असं मिश्रण दहा मिनिटं ठेवून पुन्हा धुवायचं. सकाळच्या पाळीचं निम्मं काम हेच असतं.

अन्नाचं म्हणाल तर सावजीचा उरलेला रस्सा कुत्र्याला घालू नये: कांदा-लसूण त्याच्या रक्तपेशी फोडतात. मनुके-द्राक्षं आणि चॉकलेट दोन्ही विषारी, म्हणजे दिवाळीचा फराळ आणि वाढदिवसाचा केकही बाद. शिजवलेल्या कोंबडीची हाडं फुटून आतड्यात घुसतात. मोठ्या मांजरांना दूध बहुधा पचत नाही आणि पिल्लांना गाईच्या दुधानं जुलाब होतात. पोळी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले ही गोष्ट आपण सगळे प्रेमानं सांगतो. आजचा पशुवैद्य त्यांना हात जोडून थांबवेल, कारण जास्त तुपानं स्वादुपिंडाला सूज येते. द्यायचंच असेल तर जुन्या चादरी, टॉवेल, वर्तमानपत्रं द्या, किंवा काय संपलं आहे ते विचारून तेच विकत आणा.

“पशुवैद्यकातलं काही येत नाही, मग आमचा काय उपयोग?”

औषध देणं तुमचं काम नव्हेच. नागपुरात पशुवैद्यक महाविद्यालय १९५८पासून आहे, उपचारांसाठी डॉक्टर आहेत. माणूस कमी पडतो तो वाट्या घासायला, गाडी चालवायला, दत्तक घेणाऱ्याला महिन्यानं फोन करून “कसं आहे हो?” विचारायला. मांजरांच्या खोलीत तर कित्येकदा गप्प बसून पुस्तक वाचणं हेच काम असतं. बुजलेलं मांजर माणसाच्या वासाला आणि आवाजाला असंच सरावतं, आणि सरावलेल्या मांजराला घर लवकर मिळतं. ‘मादीला एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत’ असं म्हणणाऱ्या कुटुंबाला समजावणं हेही काम आहे. एका वेतानं मादीचं आरोग्य सुधारत नाही, निर्बीजीकरणानं मात्र गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार टळतो. आणि मांजर चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते, हे बहुतेकांना माहीतच नसतं.

एक छोटी गोष्ट. पोपट, घुबड, घोरपड, साप यांना कुत्र्या-मांजरांच्या निवाऱ्यात नेऊ नका. ते वन्यजीव कायद्याखाली येतात आणि त्यांच्यासाठी सेमिनरी हिल्सला वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे.

“हे शहरी हौशी लोकांचं नवं खूळ”

१८३२ साली इंग्रज सरकारनं मुंबईत भटकी कुत्री मारण्याची मोहीम काढली तेव्हा पारशी लोक रस्त्यावर उतरले आणि दंगल झाली. मुंबईत प्राणी क्रूरता प्रतिबंधक संस्था १८७४ची आणि परळचं बाई साकरबाई पेटिट रुग्णालय त्यानंतरच्या दशकातलं. खूळच असेल तर चांगलं दीडशे-दोनशे वर्षांचं आहे.

ज्यांना निवाऱ्यापर्यंत जाणं जमत नाही त्यांनी एप्रिलपासून दाराशी मातीचं पसरट भांडं ठेवावं. नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हात कुत्र्याला घाम गाळून अंग थंड करता येत नाही. ते धापा टाकूनच थंड होतं आणि त्यात पाणी झपाट्यानं खर्च होतं. भांडं सावलीत ठेवा, बाजूच्या दुकानदाराला सांगून ठेवा आणि रोज रिकामं करून घासा. आठवडाभर तसंच राहिलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास तयार होतात.