परसातील कोंबडी व रानपाखरे

सातबाराच्या उताऱ्यात कोंबडीस रकाना नाही. म्हणून तिची हानीही कोणी मोजीत नाही. तथापि २०१९ च्या पशुगणनेत देशातील परसातील पक्षी ३१ कोटींवर भरले. चंदनसारकडे पिले कमी झाली की दोष घारीच्या माथी बसतो. घार एखादे पिलू उचलते खरी; परंतु मानमोडी अख्खे खुराडे रिकामे करते. तीवर लासोटा लस पहिल्याच आठवड्यात द्यावी व पुढे सहा ते आठ आठवड्यांचे वयी दुसरी टोचावी.

याहून मोठी धास्ती बर्ड फ्लूची. २००६ साली नवापुरास त्यापायी लक्षावधी कोंबड्या माराव्या लागल्या. हा रोग रानबदकांच्या विष्ठेतून येऊ शकतो, आणि बदके स्वतः बहुधा धडधाकट दिसतात! म्हणून तळ्याचे पाणी कोंबड्यांस पाजू नये. दाणा उघडा टाकू नये, कारण कावळे व पारवे तेथेच जमतात. एकाएकी मर लागल्यास मेलेले पक्षी ओढ्यात फेकण्याची वाईट खोड सोडावी, उरलेले बाजारी नेऊ नयेत व पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे.

रानपाखरे मारून काही साधत नाही, असे आमचे मत आहे. पिंगळा तर आपलेच उंदीर खातो. घारीसाठी अर्नाळ्याच्या कोळ्यांकडून जुने जाळे आणून पिलांच्या आवारावर ताणून बांधावे.